घरटी एक नंबर

सोम. ८ जाने. २००७
झालं! हॉस्पिटलच्या काउंटरवर मी पेशंटचं नाव टाकलं आणि आत एक्स-रेच्या मशीनवर आपोआप उमटलं. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. फोटो काढणारे सलीमभाई आतून ओरडले, "वैशाली, आ गया! नाम आ गया!" मी उठून टाळ्याच पिटल्या. ठाण्याचा कंपनीवाला म्हणत होता, नोंदणीचा कॉम्प्युटर आणि फोटोंचा कॉम्प्युटर जोडायला मुंबईहून माणूस आणावा लागेल. आण म्हणावं आता. इथल्याच पूर्णा गावची पोरगी आहे मी.

गुरु. ११
मशीनमध्ये साठलेले दोन वर्षांचे जुने फोटोही जोडून घेतले. केस नंबर टाकला की फोटो थेट सरांच्या टेबलावर. दुपारी लोडशेडिंग, जनरेटरवर रेटलं. सर (हॉस्पिटल त्यांचंच) जाता जाता म्हणाले, "छान." सर कुणाला छान म्हणत नाहीत! थोडा भाव खाऊन घेतला.

शनि. १३
वाट लागली. सरांनी आठ वर्षांच्या मुलीचा फोटो उघडला, तर छातीत ऑपरेशनच्या तारा. तो तिच्या आजोबांचा!
आमच्याकडे घरटी एक केस नंबर, सरांनी दवाखाना काढला तेव्हापासून. आजोबा, सून, नात, सगळी त्यावरच. सलीमभाई मशीनवर तेवढाच नंबर टाकायचे, फिल्म हातात द्यायचे, संपलं. मी मात्र एक नंबर म्हणजे एक माणूस धरून सगळं जोडलं. इथेच वाढले तरी डोक्यात आलं नाही. शी!
कंपनीवाला म्हणे, चालू ठेवा, हळूहळू सुधारू. आणि भलत्याच माणसाला औषध गेलं तर? मीच बंद केलं सगळं. बाथरूममध्ये जाऊन रडले. पण बंद केलं ते बरोबरच.

सोम. १५
सरांशी भांडले. म्हटलं, माणशी नंबर द्या.
"अगं, मी घरं ओळखतो. आजवर चुकलो नाही."
"तुम्ही ओळखता हो. तुम्ही रजेवर असताना येणारे डॉक्टर काय ओळखणार?"
सर चिडले. मग स्वतःच दोन चहा सांगितले. ठरलं: घराचा नंबर तोच, पुढे ज्याचा त्याचा आकडा.

शुक्र. १९
जुने फोटो वेगळे करणं चालू. तारखेवरून बरेच सुटले. अडलेल्यांसाठी सर स्वतः येऊन बसतात. "हा पॉवरलूमवाल्यांचा थोरला, बरगडी मोडलेली. ही त्याची बायको." मी बघतच राहिले. सरांना मजा येतेय, कबूल करणार नाहीत.
न ओळखलेले बाजूला ठेवून आज परत चालू केलं. नातीच्या नावावर नातीचाच फोटो! सलीमभाईंनी पेढे आणले. मला आज माझा फार म्हणजे फार अभिमान वाटतोय. लिहूनच ठेवते.

रवि. २१
बाजूला ठेवलेले फोटो काल बघायला काढले. त्यात आमच्या घराचे दोन. आई आणि काकू, गेल्या वर्षी एकाच दिवशी फोटोला आलेल्या, दोघींना तेव्हा खोकला. एकीच्या उजव्या बाजूला डाग. सर बराच वेळ बघत होते.
"हिला मी महिन्याने परत बोलावलं होतं. कुणाला, ते आठवत नाही गं."
सरांना आठवलं नाही असं पहिल्यांदाच झालं.
घरी विचारलं. आई भाकऱ्या थापत होती. "मना न्हाय बोलवलं. तुज्या काकूला सांगितलं आसंल." काकू म्हणे, "मना? न्हाय गो. वयनीलाच." वर्षभर दोघी निर्धास्त! असा राग आला, कुणावर काढू?
उद्या दोघींना घेऊन जाते. नोंद मीच करणार, आईची वेगळी, काकूची वेगळी. सलीमभाईंना सांगून ठेवलंय. या वेळी चूक होणार नाही, एवढं मी नक्की केलंय.
देवा, तो डाग आईचा नको, असं सारखं मनात येतंय. आणि काकू जेवायला हाका मारतेय.