श्रावणातलं माशाचं तेल

१५ जुलै १९४६, कोरेगाव
मलायाला जायचं नक्की! लढाईनंतर तिथे रबराच्या मळ्यांवर आपल्या मजुरांची मुलं खंगली आहेत. त्यांना व्हिटॅमिन पाजायला सांगलीचं मदत-मंडळ एक स्वयंसेवक पाठवणार आहे. अर्ज केला. मित्र म्हणून सांगलीच्या चिंतामणलाही करायला लावला. त्याची निवड होणं शक्य नाही, पण सांगलीत आपलं माणूस असावं.

१८ जुलै
घरी बायकोला, चारुलतेला, सांगितलं. तिने विचारलं, तिकडे दुपारी झोपायला मिळतं का. बायकांना ध्येय कळत नाही.

२६ जुलै
मंडळाची अट आली. प्रत्येक उमेदवाराने आधी महिनाभर आपल्या गावातल्या वीस मुलांना रोज चमचाभर माशाचं तेल पाजून रिपोर्ट द्यायचा. सोबत सहा बाटल्या. एक उघडली आणि वासाने अंगणात धावलो. चारुलता म्हणाली, हे घरात आलं तर मी वाईला माहेरी चालले. बाटल्या गोवऱ्यांच्या खोपटात ठेवल्या.

२९ जुलै
श्रावण लागला. श्रावणात मासा? मुलांच्या घरीही कुणी खात नाही. विचारांती करडईचं तेल, चिमूटभर हळद आणि वेलदोडा. तेल ते तेल. वीस घरांचा श्रावण मी न बोलता वाचवला. याला म्हणतात सेवा.

८ ऑगस्ट
अफाट यश. पोरं चमचा चाटतात. अर्जुना तर दोनदा रांगेत लागला. मंडळाला कळवलं, एकाही मुलाने तोंड वाकडं केलं नाही. चिंतामणकडची मुलं ओकतात, एक तर त्याच्या धोतरावरच. त्याला धीराचं पत्र लिहिलं. माझं यशही सविस्तर कळवलं.

१७ ऑगस्ट
मी शिकवतो त्या शाळेत पाणी भरणारी राहीबाई भेटली. तिची सात वर्षांची मनू रातांधळी आहे. दिवस मावळला की उंबऱ्याला अडखळून पडते. गुण कधी येणार म्हणून विचारत होती. विश्वास ठेव म्हणालो. अमावास्येनंतर मनूला खरं तेल द्यायचं. दहाच दिवस राहिले. डोळे कुठे पळून जातात?

२४ ऑगस्ट
विश्वासघात! मंडळाचे डॉक्टर न कळवता आले. चिंतामणने माझं पत्र त्यांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वीस वर्षांत हे तेल हसत पिणारं मूल पाहिलं नाही. मग मुलांना देतो त्यातलाच एक चमचा मला प्यायला सांगितला. मी बिनधास्त प्यायलो. तिथेच घात झाला.

श्रावणाचं कारण नीट समजावून सांगितलं. राहीबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "मास्तर, श्रावण तुमचा व्हता. डोळं माज्या पोरीचं व्हतं."

बाटल्या काढून दिल्या.

२९ ऑगस्ट
चिंतामणची निवड झाली. निरोपसमारंभाला ये म्हणून कार्ड. अस्तनीतला निखारा! जाणार नाही.

घरातही तेच. डॉक्टरांच्या सांगण्यावरून चारुलता आता रोज संध्याकाळी ओसरीवर मुलांना ते तेल पाजते. नाकाला पदर बांधून, पण पाजते. मला विचारलंसुद्धा नाही. साऱ्या घराला वास. कुणावर विश्वास ठेवावा?

१४ सप्टेंबर, दिवेलागण
राहीबाईसमोर जात नाही. ती आली की माजघराच्या दाराआड उभा राहतो. आज दिवा अजून लावलेला नव्हता, मला माझा हात धड दिसत नव्हता. मनूने तेल घेतलं, तोंड वाकडं केलं. मग दाराकडे बोट करून आईला म्हणाली, "आये, मास्तर तितं दाराआड हायत."

राहीबाई पोरीला पोटाशी धरून रडायला लागली. चारुलताही डोळे पुसत होती. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

थोड्या वेळाने चारुलतेने धुतलेला चमचा मागितला. नेऊन दिला.