नऊ डागांची चाचणी

उधना, सुरत
रविवार, ११ मे १९९७

ती. सौ. गायत्रीवहिनींना,
धनश्रीचा सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी, ४ तारखेला जे घडले ते क्रमाने लिहिते.

१. सकाळी सव्वादहाला आपण व्याऱ्याला लग्नाला पोहोचलो. हेमराजदादाने व्हॅन मैदानात उन्हात उभी केली. दुसरी जागा नव्हती. काचा बंद होत्या.
२. सीटवर जाड पारदर्शक प्लॅस्टिकची कव्हरे होती. खाली काळे रेक्झिन.
३. दुपारी दोन चाळीसला निघालो. दादा गाडी चालवत होता. त्याच्या शेजारी तुम्ही, मांडीवर श्रीरंग. मागे मी आणि पल्लवी. तुम्ही आणि श्रीरंग लगेच झोपलात.
४. पल्लवी आखूड फ्रॉकमध्ये होती. मी साडीत होते.
५. चटका बसतो असे पल्लवीने दोनदा सांगितले. एकदा निघताना, एकदा बारडोलीच्या अलीकडे.
६. तिला नीट बसायला सांगितले गेले.
७. ती नीट बसली.
८. चार वीसला घरी पोहोचलो.
९. सोमवारी सकाळी आंघोळ घालताना तुम्हाला तिच्या दोन्ही मांड्यांना मागून फोड आलेले दिसले. डॉक्टर म्हणाले, भाजले आहे.

मंगळवारी तुम्ही मुलांना घेऊन अमळनेरच्या गाडीने माहेरी गेलात तेव्हा मी पलसाण्याला ड्यूटीवर होते. घरी आले तर कुलूप. म्हणून हे पत्र.

कव्हरे मी शिवली होती. दादा रोज शाळेच्या अकरा मुलांना ने-आण करतो. मार्चमध्ये एकाचा वरणभाताचा डबा सीटवर सांडला आणि आठ दिवस वास गेला नाही. दुसऱ्याच आठवड्यात एक लहान मुलगा सीटवरच ओला झाला. पालक बोलू लागले. दादाने मला विचारले की तुमच्या कारखान्यात यावर काही औषध आहे का. मी प्लॅस्टिकचा तुकडा लॅबमध्ये नेला आणि त्यावर नऊ डाग पाडले: वरण, आमरस, दूध, तेल, शाई, काजळ, स्केचपेन, चिक्की आणि शेवटचा, जो लिहीत नाही. चोवीस तास ठेवून साध्या साबणाच्या पाण्याने पुसले. नऊही निघाले. मग कव्हरे शिवली आणि मुलांसाठी नियमांचा पुठ्ठा लिहून दादाच्या सीटमागे टांगला.

गुरुवारी लॅबमधला थर्मामीटर घरी आणला. व्हॅन चार तास उन्हात ठेवून दुपारी दोनला मोजले. प्लॅस्टिकखाली सदुसष्ट अंश. कारखान्यात कापड रंगवायच्या टाकीचे पाणी साठच्या पुढे गेले की आम्ही त्यात हात घालत नाही. मी डागांची चाचणी घेतली होती, उन्हाची घेतली नव्हती. कव्हरांची ही चूक माझी आहे.

इकडे ठीक. दादा दोन वेळ खिचडी करतो आणि दोन्ही वेळ ती खाली लागते. शेजारच्या इंदुबाई रोज विचारतात, पोरं कधी येणार. मी माहीत नाही म्हणते. पल्लवीच्या फोडांचे लिहा. फोडू नका, आणि पांढरे मलम संपले असेल तर पाठवते.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये.

तुमची,
धनश्री


चोपडा
शुक्रवार, १६ मे १९९७

प्रिय धनश्रीताईंना,
गायत्रीचा नमस्कार. वि. वि. इकडे सगळे बरे आहेत, तिकडचं बरं कळावं.

तुमचं पत्र बुधवारी आलं. ताई, असं पत्र मी जन्मात पाहिलं नाही. माझ्या मायने आकडे बघितले आणि विचारलं, कचेरीतून आलं का गं, सही करायची आहे का. लग्नातल्या जेवणाचंही मोजमाप असेल म्हणून मी उलटून पाहिलं, तर मागे तेवढं नव्हतं. रागवू नका. तुम्ही लिहिलंत, ते बरं केलंत. दुसऱ्या कुणी लिहिलं नाही.

फोड सुकत आले. डाव्या मांडीचा मोठा होता, तो आपोआप फुटला, तिथे अजून ओलं आहे. इथले डॉक्टर म्हणतात, कातडीवर थोडा फिका डाग राहील, मोठी होईतो जाईल किंवा नाही जाणार. श्रीरंगला काय, तो दिवसभर बकरीमागे असतो. पल्लवी अंगणातल्या पोरींशी खेळताना एक, बे, त्रण मोजते, म्हणून सगळ्या तिला गुजरातीण म्हणून चिडवतात. तीही हसते.

पण एक सांगते. ती बसत नाही, ताई. खाटेवर, ओट्यावर, पाटावर, कुठेही बसायच्या आधी विचारते, मी बसू का, खराब नाही होणार ना. मायने नवं धडपं अंथरलं, तर हिने वर पेपर घातला आणि त्यावर बसली. परवा जेवताना वरणाचा एक थेंब खाली पडला. तिने तो फ्रॉकने पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षांची पोर. माय म्हणते, हे शिस्तीचं नाही, हे भ्यायल्याचं आहे.

मी तिला विचारलं, तुला नीट बस म्हणून कोण म्हणालं. तर म्हणे, कोणी नाही, तसा नियमच आहे.

तुमच्या सहाव्या आकड्यावर नाव नाही. तुम्ही बहीण, भावाचं नाव लिहायला हात धजला नसेल. मला कळतं. सोमवारी मी यांना तोंडावर विचारलं होतं, पोरगी सांगत होती तेव्हा तुमचे कान कुठे होते. मान खाली घालून उभे राहिले. नाही म्हणाले नाहीत. गाडी घेतल्यापासून यांचा जीव त्या सीटांत आहे, हे मला ठाऊक होतं. पण पोटच्या पोरीला चटके बसत असताना सीट जपावी, हे मला सोसत नाही. मी झोपले होते, त्याची लाज मी माझ्याजवळ ठेवीन. जागा बाप काय करत होता?

मागे तिच्याजवळ तुम्ही होतात, एवढंच मनाला बरं वाटतं. तुम्ही रुमाल तरी ओला करून दिला असेल.

म्हणून ठरवलं आहे. पल्लवीचं नाव इथल्या शाळेत घालणार. सोमवारी, २ जूनला मास्तरांनी बोलावलं आहे. आम्ही तिघं इथेच राहू. यांना तुम्हीच सांगा, मला त्यांना लिहायचं नाही. फुईला म्हणजे तुम्हाला पल्लवीने नमस्कार सांगितला आहे. स्वतः होऊन सांगितला.

माया आहे ती राहू द्यावी.

आपली,
गायत्री


उधना
सोमवार, १९ मे १९९७

चि. सौ. गायत्रीस,
हेमराजचे आशीर्वाद. मुलांना पापे.

तुझं पत्र धनश्रीने टेबलावर ठेवलं होतं, ते मी वाचलं. मला पत्र लिहिणं येत नाही, तुला माहीत आहे. लग्नानंतरचं पहिलं पत्रही मी माझ्या मित्राकडून, वाल्मिककडून लिहून घेतलं होतं आणि तू अक्षरावरून ओळखलं होतंस.

पोरीच्या बाबतीत जे झालं ते माझ्यावर राहू दे. गाडी माझी, पोरगी माझी. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, ब्रेक माझ्या पायाखाली होता. मी थांबवली नाही. तेवढं खरं आहे आणि तेवढं पुरे आहे. बाकी उकरू नकोस.

धनश्रीला टोचून काही लिहू नकोस. ती डबा नेते आणि तसाच परत आणते.

शाळेचं तू म्हणशील तसं. उधन्याच्या शाळेत पल्लवीच्या बाईंना मी अजून काही सांगितलेलं नाही. शाळा ९ जूनला उघडते. तिचं दप्तर खुंटीवर आहे. पाण्याची बाटली गळत होती, तिला नवं झाकण आणलं.

खिचडी आता खाली लागत नाही.

तुझा,
हेमराज


उधना, सुरत
शनिवार, २४ मे १९९७

ती. सौ. गायत्रीवहिनींना,
धनश्रीचा सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मी सोमवारपासून रोज वाचते आहे. आधीच्या पत्रातले सहावे कलम अपुरे होते. ते नाव मी विसरले नव्हते, गाळले होते. ते असे वाचावे.

६. पल्लवीला नीट बसायला मी सांगितले.

पहिल्यांदा चटका बसतो म्हणाली तेव्हा ती पाय वर घेऊन उकिडवी बसली होती. मी तिला पुठ्ठ्यावरचा दुसरा नियम बोटाने दाखवला: सीटवर पाय नाहीत. तिने पाय खाली सोडले. बारडोलीच्या अलीकडे ती उठून माझ्या मांडीवर बसायला आली. तिच्या फ्रॉकला आमरस लागला होता आणि माझी साडी रेशमी होती, पहिल्यांदाच नेसलेली. मी तिला हात धरून परत तिच्या जागेवर बसवले. दादाने आरशातून पाहिले आणि गाडी थांबवू का म्हणून विचारले. मी म्हटले, गरज नाही, दोन मिनिटांत सवय होईल. पलसाणा ओलांडेपर्यंत ती काही बोलली नाही. मी तिला शहाणी आहेस असे म्हटले. ती हसली होती. ते मला आठवते.

रुमाल माझ्या पर्समध्ये होता. मी तो ओला केला नाही.

तुम्ही दादाला विचारलेत तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि मला सगळे ऐकू येत होते. तो माझे नाव घेईल म्हणून मी थांबले. त्याने घेतले नाही. तेव्हा मी बाहेर येऊन बोलायला हवे होते. ते न करता मी थर्मामीटर आणला, आणि तुम्हाला सदुसष्ट अंश लिहून पाठवले. आकडा बरोबर आहे. पण तो पुढे करून मी मागे राहिले. दादाने तुम्हाला काय लिहिले हे त्याने मला सांगितलेले नाही. त्याने सगळे स्वतःवर घेतले असेल तर ते मानू नका. थांबवू का, हे त्याने विचारले होते.

बुधवारी मी रजा घेतली. दुपारी दोनला व्हॅनमध्ये जाऊन उघडा हात कोपरापर्यंत त्या प्लॅस्टिकवर टेकवला. सहा मोजेपर्यंत राहिला. नंतर मला उचलावा लागला. मी चोवीस वर्षांची आहे आणि मला कोणी शहाणी म्हणणारे तिथे नव्हते. पल्लवी किती वेळ बसली, ते तुम्हाला माहीत आहे.

कव्हरे काढून टाकली. इंदुबाईंनी कूलरवर घालायला मागितली, ती दिली. पुठ्ठाही उतरवला. आता जाड मांजरपाटाच्या खोळी शिवल्या आहेत, तीन जोड, म्हणजे रोज धुतल्या तरी पुरतात. चार तास उन्हात ठेवून त्यांवर मी स्वतः बसून पाहिले. गरम लागते, पण बसता येते. शिवाय दादा आता शाळेसमोर उभा न राहता मागच्या गल्लीत लिंबाखाली गाडी लावणार आहे आणि मुले येण्याआधी दारे उघडी ठेवणार आहे. खोळींवर डाग पडतील. पडू देत. डाग काढणे हे माझे रोजचे काम आहे, आणि जे निघणार नाहीत ते राहतील.

पल्लवीच्या मांडीवर फिका डाग राहील असे तुम्ही लिहिले आहे. त्यावर माझ्याकडे काही नाही.

सोबत तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी ठेवली आहे. तिला आता अक्षरे जुळवता येतात म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिली. त्यात तीनच गोष्टी आहेत: तू सांगत होतीस ते खरे होते, फुईने ऐकले नाही ही फुईची चूक, आणि बसायच्या आधी कोणालाही विचारायचे नाही. तिलाच वाचू द्या. ती चिठ्ठीही जमिनीवर पसरून तिच्यावर बसली, तर मला तसे कळवा.

दादावर राग ठेवायचा की नाही, हे तुमचे तुम्ही ठरवा. फक्त तो खऱ्या कारणासाठी असावा आणि माझ्या वाट्याचा माझ्याकडे यावा. २ तारखेला मास्तरांकडे जाण्याआधी एवढे तुमच्या हाती असावे, म्हणून हे पत्र रजिस्टरने पाठवते आहे.

लोभ मागत नाही. उरला असेल तेवढा राहू द्यावा.

रविवारी, १ जूनला दादा व्हॅन घेऊन चोपड्याला निघू शकतो. सकाळी लवकर निघून ऊन चढायच्या आत धुळे गाठेल, आणि परत यायचे तर संध्याकाळी. तुम्ही तिघे येणार की नाही, आणि येणार असाल तर मी गाडीत असावे की नसावे, हे दोन्ही शनिवार, ३१ मेपर्यंत मला कळवावे. पत्र बुधवारी टाकलेत तर वेळेवर मिळेल.

धनश्री