रंगूबाईंचा ठावठिकाणा

बाळकुम, ठाणे
३ फेब्रुवारी २०२५

ती. मधुआत्यास,
हेमांगीचा सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. बेघर मनोरुग्णांचा आमचा अभ्यास तुला माहीतच आहे. दर सहा महिन्यांनी त्याच माणसांना पुन्हा भेटायचं, आणि निम्मी सापडतच नाहीत. म्हणून नोंदणीतच विचारून ठेवतो, तुमचा ठावठिकाणा कुणाला माहीत असेल? माझ्या सहकाऱ्याने, सलिलने, नोंदवलेल्या रंगूबाईंनी एकच नाव दिलंय, तुझं. नातं, मैत्रीण.

दोन आठवडे डोंबिवली स्टेशनबाहेर शोधतेय. अभ्यास राहू दे, पण बाई बऱ्या आहेत ना?

लोभ आहे तसाच असू दे.
हेमांगी


डोंबिवली
८ फेब्रुवारी

चि. हेमांगीस अनेक आशीर्वाद.

रंगूबाई आमच्या जिन्याखाली आहे. तिला विचारूनच कळवतेय. मैत्रीण असल्याचं मला तुझ्याच पत्रातून कळलं. रोज तर चहात साखर कमी म्हणून भांडते.

सलिलवर तिचा राग आहे. कानात आवाज येतात का, असं त्याने विचारलं. ती सांगायला लागली, तर म्हणाला, फक्त हो किंवा नाही सांगा. आवाज तिच्या सासूचा. सासूचं बोलणं हो-नाहीमध्ये कसं बसवायचं, असं ती विचारते.

तू ये. पायरीवर बस आणि सगळं ऐक.

मधुआत्या


बाळकुम
१७ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

परवा तीन तास बसले, फॉर्मच्या पाठीवरही लिहिलं. सासूबाई चार दिवस झोपू देत नाहीयेत म्हणे. आमच्या डॉक्टरांकडे यायला रंगूबाई तयार आहेत, पण तू सोबत असलीस तरच. नेशील ना? तुझी माझ्यावर माया आहे, तेवढ्यावर विचारतेय.

हेमांगी


डोंबिवली
२२ फेब्रुवारी

चि. हेमांगीस आशीर्वाद.

गेलो होतो. रंगूबाई माझी इस्त्रीची साडी नेसून, वेणीफणी करून. मी धांदलीत दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून. डॉक्टरांनी चपला पाहिल्या आणि मलाच पुढे बसवलं. झोप लागते का, म्हणाले. चूक झालीये असं सांगणार होते, पण तोंडून खरं तेच निघालं. हे गेल्यापासून नाही लागत. तुलाही कधी बोलले नव्हते.

डॉक्टर गोंधळले. मग रंगूबाई म्हणाली, आधी हिचं बघा, मी थांबते.

दोघींना गोळ्या दिल्यात. काल मी सहा तास झोपले. सासूबाईही म्हणे जरा हळू बोलतात. पुढची तारीख दोघींची एकच आहे. नऊ वाजता तयार राहा, उशीर चालणार नाही, अशी तिने मला ताकीद दिलीये.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
मधुआत्या