खिशात मावणारं कुलूप

३ जून, मंगळवार. रात्री
सायकल गेली. दोन वर्षांतली तिसरी. स्टेशनामागच्या रॅकमध्ये कुलपाचे दोन तुकडे तेवढे शिल्लक. चोराने ते नीट शेजारी शेजारी ठेवले होते. माणूस सुशिक्षित असावा.

मी विमा कंपनीत जोखीम विभागात एकवीस वर्षं आहे. रोज ग्रोनिंगेनहून ट्रेनने आसेनला जातो आणि लोकांच्या बोटींना, छपरांना, गायींना किती धोका आहे ते सांगतो. माझ्या सायकलीला किती आहे, हे मला कोणी विचारलंच नाही. नाहीतर सांगितलं असतं.

संध्याकाळी हिल्केच्या कानावर घातलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की बायको रागावत नाही, नुसती बटाटे सोलत राहते. आज फार पातळ सोलत होती.

८ जून, रविवार
सासूबाईंचा चौऱ्याऐंशीवा वाढदिवस. दोक्कुमला त्यांच्या घरी भिंतीकडेने खुर्च्या मांडून सगळे गोल बसलो. आल्या आल्या बाराही जणांशी हात मिळवून प्रत्येकाचं अभिनंदन केलं. शेजाऱ्याचंही. त्याचा काय संबंध, हे याही वर्षी कळलं नाही. केकचा एक तुकडा मिळाला.

सासूबाईंची नजर अधू झाल्यामुळे त्यांनी सायकल सोडली. काळी, उंच हँडलची, जुन्या बायकांची असते तशी. सप्टेंबरात नीन्के, म्हणजे आमची मुलगी, शिकायला उट्रेख्टला जाईल, तेव्हा ती तिला द्यायची ठरली आहे. तोवर वुब्बोने, म्हणजे मी, चालवावी, असं सासूबाई म्हणाल्या. पडून राहिली की तिचे सांधे धरतात, म्हणाल्या, अगदी माझ्यासारखे. हिल्केला केकचा ठसका लागला.

निघताना पाहिलं तर सासूबाईंनी स्वतः सायकल पुसून, साखळीला तेल घालून ठेवली होती. चव्वेचाळीस वर्षं चालवली. सासरे आजारी होते तेव्हा सात महिने रोज याच सायकलीवरून हॉस्पिटलला जात. सीटवरून एकदा हात फिरवला आणि मागे न बघता आत गेल्या. मला गलबलून आलं. तिथे बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

गाडीत हिल्के म्हणाली, वुब्बो, ही हरवली तर आईला तू सांगायचंस. मी सांगणार नाही. मी म्हटलं, प्रश्नच येत नाही.

१० जून, मंगळवार
कुलपांचा अभ्यास सुरू. मागच्या चाकाचं कुलूप गंजलं म्हणून सासूबाईंनी कधीच काढून टाकलंय. म्हणजे सगळी भिस्त नव्या कुलपावर.

गावातले सगळे एकच सांगतात, जाड साखळी घे. साखळीचं वजन तीन किलो. मला खांद्याचा त्रास आहे. शिवाय शर्ट इस्त्रीचा आणि गळ्यात साखळी, हे बरं दिसत नाही. माणूस कामाला चाललाय की बैल बांधायला?

निष्कर्ष: कुलूप लहान हवं. घडी होणारं. खिशात मावणारं. ताकद वजनात नसते, विचारात असते. (हे ऑफिसात एकदा बोलून दाखवायचं.)

१४ जून, शनिवार
सायकलवाल्या हार्मकडे दोन तास. त्याला सतरा प्रश्न विचारले. सुताराच्या घडीच्या पट्टीसारखं कुलूप निवडलं. सहा पट्ट्या, घडी केली की चष्म्याच्या डबीएवढी. फ्रेमवर खोबण असते, तिच्यात बसतं. किल्ल्या दोन. यंत्रानेसुद्धा कापायला पाच मिनिटं लागतात, असं खोक्यावर लिहिलंय.

हार्म म्हणाला, साहेब, साखळी घ्या, निवांत झोपा. मी म्हटलं, मी झोपतोच निवांत. मग म्हणाला, बरं, हेही चालतं, अख्खं खोकं मागवलंय, पटापट चाललंय. बघा! मी निवडायच्या आधीच लोक निवडायला लागले.

२० जून, शुक्रवार
कुलूप अप्रतिम. ऑफिसात चौघांना दाखवलं. जेवणाच्या सुट्टीत घडी घालणं-उलगडणं अकरा वेळा करून दाखवलं. मीप नावाची सहकारी पावात चीज भरताना म्हणाली, वुब्बो, अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. मत्सर. तिची साखळी आहे.

११ जुलै, शुक्रवार
सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. घाई. ७.४८ ची ट्रेन ७.४८ ला होती आणि मी ७.४७ ला रॅकपाशी. ओळ 'क', खांबाजवळ. तरी सायकल लावली, पळालो, ट्रेन मिळाली. शिस्त असली की घाईतही हात आपोआप काम करतात.

संध्याकाळी हिल्के आणि नीन्के गाडीला कॅरॅव्हॅन जोडून मला घ्यायला थेट आसेनला आल्या. सायकल दोन आठवडे स्टेशनवर राहील. हिल्के म्हणाली, आधी घरी आणून ठेव. मी हसलो. कुलपाची खरी परीक्षा हीच.

१७ जुलै, गुरुवार
आर्देनच्या डोंगरात. पाऊस. शेजारच्या तंबूतल्या बेल्जियन माणसाला कुलूप समजावून सांगितलं. किल्ली दाखवावी म्हटलं तर खिशात नाही. कॅरॅव्हॅनमध्येच कुठेतरी असणार. दुसरी घरी आहे. दोन किल्ल्या देतात त्या याचसाठी. संध्याकाळपर्यंत बेल्जियन माणसाने तंबू हलवला होता. त्या जागी पाणी साठत असावं.

२८ जुलै, सोमवार
विजय! सतरा दिवस झाले आणि सायकल जागेवर. ओळ 'क' मध्ये काळ्या सायकली चाळीस असतील, पण माझं कुलूप मी शंभर पावलांवरून ओळखतो. थेट त्याच्यापाशी गेलो.

एकच अडचण. घरची किल्ली आत जाते, फिरत नाही. तेल घातलं. फुंकर मारली. नाही. पावसाने अडकलं.

रात्री कुलपाच्या कंपनीला पत्र लिहिलं. चार पानं, तक्ता जोडून.

३० जुलै, बुधवार
कंपनीचं उत्तर: किल्ली त्याच कुलपाची आहे का ते तपासा. एकवीस वर्षं मी असल्या टोलवाटोलवीची पत्रं स्वतः लिहितोय. मला काय शिकवतात!

२ ऑगस्ट, शनिवार
शेजारच्या ओल्थॉफचं कापायचं यंत्र आणलं. किल्ली, पावती, ओळखपत्र असं सगळं फाइलमध्ये घालून स्टेशनवर. भर दुपारी बारा वाजता. वाटलं, लोक अडवतील. मी चौकशीला पूर्ण तयार होतो.

कोणी अडवलं नाही. एका आजोबांनी विचारलं, धरू का? आणि हँडल धरून उभे राहिले. ठिणग्या त्यांच्या बुटांवर. एका विद्यार्थ्याने विचारलं, केवढ्याला देणार? मी फाइल दाखवली. तो म्हणाला, फाइल नको, सायकल हवीय. काय ही पिढी! मी चोर दिसतो का?

अडतीस सेकंद लागले. खोक्यावरची पाच मिनिटं सामान्य माणसासाठी असणार.

ता. क. सायकल बरीच सुधारली आहे. पुढचं चाक कुरकुरत नाही, म्हणजे विश्रांती मानवली. सीट जरा उंच वाटते, म्हणजे सुट्टीत माझी पाठ सरळ झाली. आणि मागच्या कॅरियरला कोणीतरी नवा तपकिरी पट्टा लावलाय. चोरांच्या शहरात लोक वस्तू ठेवूनही जातात! माणुसकी शिल्लक आहे.

४ ऑगस्ट, सोमवार
कंपनी भरपाई देईपर्यंत सायकल स्टेशनखालच्या राखणदार असलेल्या तळघरात ठेवणार. तिथे कुलूप लागत नाही. 'क' ओळीकडे आता फिरकायचं नाही, ती जागा दमट आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार
ब्रेड घ्यायला स्टेशनामागे गेलो, तर खांबावर हाताने लिहिलेला कागद: माझी काळी सायकल १ तारखेनंतर इथून चोरीला गेली. तपकिरी पट्टा आहे. मी घरोघर जाणारी नर्स आहे. नऊ म्हातारी माणसं माझी वाट बघत असतात. कृपा करून परत आणा. रुलीन बोल्हाउस. खाली फोन नंबर.

कसले लोक असतात! पेन काढून खाली लिहिलं: बाई, मनापासून सहानुभूती. पुढच्या वेळी घडीचं कुलूप घ्या. अनुभवाने सांगतो.

१४ ऑगस्ट, गुरुवार
माझ्या ओळीखाली उत्तर आलंय: तेच होतं.

मग नीट लावलं नसेल.

२३ ऑगस्ट, शनिवार. रात्री
लिहायचं टाळणार होतो.

सायकल नीन्केच्या हाती द्यायला सासूबाई आल्या. मी ती धुऊन अंगणात उभी केली होती. सासूबाईंनी डाव्या मुठीवरून हात फिरवला. मग सीटखाली. मग उजव्या मुठीवरून. बराच वेळ. आणि म्हणाल्या, ही माझी नाही.

मी सांगायला लागलो, की पाऊस, विश्रांती, पाठ, पट्टा... हिल्के म्हणाली, पट्टा कसला? मी म्हटलं, कोणीतरी दिला. हिल्के पायरीवर बसली.

सासूबाई आवाज न चढवता म्हणाल्या, वुब्बो, माझी सायकल कुठे आहे?

सव्वीस वर्षांत या बाई मला एक शब्द कधी वाकडा बोलल्या नाहीत. आजही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळे गाडीत बसून स्टेशनवर गेलो. नीन्के पुढे पळाली. ओळ 'क', खांबाजवळ. मी जी कापली तिच्या जागेपासून चौथी. हँडलपासून सीटपर्यंत कोळ्याचं जाळं. कॅरियरमध्ये कोणीतरी खाऊन टाकलेल्या फ्राइजचा कागद. कुलूप खोबणीत, घडी घातलेलं. अकरा जुलैला मी ते उघडून बाहेरच काढलं नव्हतं. किल्ली त्यालाच लटकलेली. सहा आठवडे आणि एक दिवस सायकल बिनकुलपाची उभी होती आणि अख्ख्या शहरात ती कोणालाही नको होती.

हँडलला नगरपालिकेचं नारिंगी लेबल: बेवारस दिसते, २६ तारखेला उचलण्यात येईल.

सासूबाईंनी जाळं हातानेच पुसलं. डाव्या मुठीची झिजलेली कड चाचपली आणि मान हलवली. नीन्के आजीच्या गळ्यात पडली. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मीही नाही.

घरी येताना हिल्केने एवढंच विचारलं, मग ती कापलेली कोणाची?

मला माहीत होतं. नाव, नंबर, अक्षरसुद्धा.

२४ ऑगस्ट, रविवार
पत्ता शोधून सकाळी सातला रुलीन बोल्हाउस यांच्या दारात सायकल घेऊन उभा. पत्र लिहून नेलं होतं, दोन पानांचं. पहिल्या वाक्यात 'परिस्थितीजन्य' हा शब्द होता. दार उघडल्यावर पत्र खिशातच राहिलं. म्हटलं, बाई, मी चोरली. चुकून. पण चोरली.

पन्नाशीच्या असतील. पायात जाड तळव्यांचे बूट. तीन आठवडे पायी फिरल्या. एका आजोबांना साडेसातऐवजी सव्वानऊला इन्सुलिन मिळत होतं आणि तोवर ते बिचारे उपाशी बसत. हे त्यांनी रागाने नाही, वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मला लाज वाटली. अशी लाज मला शाळेनंतर वाटली नव्हती.

मग त्यांनी विचारलं, घडीचं कुलूप घ्या, अनुभवाने सांगतो, हे लिहिणारे तुम्हीच ना? मी हो म्हटलं. माझं कुलूप खिशातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं, किल्ल्यांसह. भरपाई म्हणून.

त्यांनी विचारलं, माझं कापायला किती वेळ लागला?

अडतीस सेकंद, म्हटलं.

त्यांनी कुलूप बोटाने माझ्याकडे परत सरकवलं. म्हणाल्या, मागच्या चाकाचं कुलूप हिवाळ्यापासून मोडलंय, म्हणून हे घेतलं होतं. आज रविवार, दुकानं बंद. आणि नऊ घरं आहेत. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाल्या, तुम्ही चला.

त्या सायकलवर, मी मागून चालत. मधे मधे पळत. प्रत्येक घरापाशी त्या आत जायच्या आणि मी बाहेर हँडल धरून उभा. ऊन होतं. चौथ्या घरापाशी मीप तिच्या कुत्र्याला घेऊन गेली. गुड मॉर्निंग म्हणाली. मीही म्हटलं. पाचव्या घरी पाऊस आला. एका घरातून मला कॉफी मिळाली, सोबत एक बिस्किट. लगेच डब्याचं झाकण लागलं.

सातव्या घरी खिडकी उघडी होती. आतल्या आजोबांनी विचारलेलं स्पष्ट ऐकू आलं, रुलीन, बाहेर तो माणूस कोण उभा आहे?

त्या म्हणाल्या, कुलूप.

सोमवारी हार्मचं दुकान एक वाजता उघडतं. सकाळची फेरी सातला असते. ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा कळवली आहे.