छगनशेठचे पत्रे

७ एप्रिल १९४६, खर्डा

आज घराचे मातीचे छप्पर, माळवद, उतरवले. गोरक्षनाथ सुतार आणि त्याचे भाऊ सकाळीच आले. दुपारपर्यंत सगळी माती अंगणात. दोन तुळया वाळवीने पार पोखरलेल्या निघाल्या. चुलीवरचे साणे, धुरासाठी छपरात ठेवलेले भोक, तेही गेले. त्यातून धूर कमी जाई, पाऊसच जास्त आत येई. हिने किती पावसाळे त्याखाली पातेले ठेवले. "पत्रे आणा" हे तिचे पालुपद.

रविदादा तेराव्यालाच म्हणाला होता, "विजया गेली. आता एकट्याला घर कशाला? नगरला ये, आमच्यात राहा." काल त्याने पुन्हा निरोप धाडला. पावसाआधी छप्पर झाले नाही तर जावेच लागेल. मला जायचे नाही.

१३ एप्रिल

शाळा सुटल्यावर जामखेडला गेलो. लढाईत पत्रा नजरेला पडत नव्हता. अर्ज करकरून परवाना मिळाला, पण ही गेल्यानंतर! परवान्याचे पत्रे एकाच दुकानी, छगनशेठकडे. आत अंधारात थप्पी रचलेली. कोरे आहेत ना, विचारले.

"मास्तर, तुमच्याशी खोटं बोलू? पोरं शिकवता तुम्ही आमची."

ही मडके घेताना बोटाने वाजवून घेई. मीही तसाच एक पत्रा वाजवला. खणखणीत वाजला. तेवढ्यावर समाधान मानले आणि भाड्याच्या गाडीत थप्पी भरून दिली.

१४ एप्रिल

गाडी दुपारी आली. पत्रे उतरवून भिंतीला तिरके टेकवले, तर सावलीत उन्हाचे ठिपके! एका पत्र्याखाली नव्हे, बहुतेक सगळ्यांखाली. जुन्या खिळ्यांची भोके डांबराने बुजवून वर चंदेरी रंग मारलेला. गाडीच्या हिसक्यांनी डांबर गळून पडले. दोन पत्र्यांवर पलटणीचे शिक्के आहेत. कुठल्यातरी छावणीचे उतरवलेले पत्रे कोरे म्हणून मला विकले. आणि मी मडके वाजवावे तसा पत्रा वाजवत बसलो. भोक पडलेला पत्राही तसाच वाजतो.

शेजारच्या साळूबाई बघून गेल्या. "विजयाबाई म्हनत हुत्या, पत्रं आलं की बाजंवर पडून नुसती वर बघत ऱ्हाईन. अन् हे काय आनलं वं मास्तर?"

गाडीवाल्याला म्हणालो, उद्या परत जामखेडला.

१५ एप्रिल

रजा टाकली. तीच गाडी, तेच पत्रे, पुन्हा जामखेड.

छगनशेठ गादीवरून उठलासुद्धा नाही. "लढाईवरून आलेला माल आहे, मास्तर. गोळ्या खाल्ल्यात त्यानं. दोन भोकं असायचीच."

"तुम्ही कोरे म्हणालात."

"मग? एकटा जीव तुम्ही. गळलं तर बाज सरकवायची."

हे तो हसत म्हणाला. तिला जाऊन तीन महिनेही झाले नाहीत, हे त्याला ठाऊक आहे.

मला भांडता येत नाही. आवाज चढतच नाही. मी बाहेर गेलो आणि गाडीतला एकेक पत्रा उतरवून त्याच्या दुकानासमोर रस्त्याला उभा केला. ऊन आरपार. धुळीत ठिपकेच ठिपके. मग पायरीवर जाऊन बसलो. बाजाराला आलेली माणसे थांबू लागली.

"शेठ, चाळणी काय भावानं?"

"आरं, ही चाळणी न्हाई. शेठच्या शब्दाला पडल्याली भोकं हाइत ही!"

दोन गिऱ्हाइके आत न जाताच परतली. तेव्हा शेठ उठला. "काय मास्तर, अब्रू काढता का?" मी पायरीवरून उठलो नाही. शेवटी मागच्या खोलीतून खरे कोरे पत्रे निघाले. प्रत्येक पत्रा मी स्वतः उन्हात धरून पाहिला, मग गाडीत चढू दिला. सगळे होईतो ऊन उतरले.

१७ एप्रिल

राग जात नाही. बाज सरकवायची म्हणे!

१९ एप्रिल

पत्रे चढले. गोरक्षनाथ वरून म्हणाला, "मास्तर, साणं ठिवायचं का चुलीवर?"

"एवढे भांडून बिनभोकाचे पत्रे आणले, आणि तू भोक पाडतोस?"

"तेबी खरंच हाय," म्हणाला आणि हसला.

मीही हसलो. किती दिवसांनी. दादाला कळवले, छप्पर झाले, मी येत नाही.

२० एप्रिल

स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो.

सकाळची शाळा सुटून आलो आणि तसाच बसून राहिलो. वेळ कळेना. साण्यातला कवडसा जात्यापाशी आला की ही भाकरी थापायला घेई. मी पाय धुऊन येईतो पहिली ताटात पडे. घड्याळ घरात कधी नव्हतेच. ही गेल्यावरही, माळवद उतरेपर्यंत, मी त्याच कवडशावर चूल पेटवत होतो. हे आज ध्यानात आले.

जेवलो नाही.

२१ एप्रिल, रविवार

गोरक्षनाथाकडून शिडी आणली. कशाला ते सांगितले नाही. चुलीवर, जुन्या साण्याच्या जागी, छिन्नीने रुपयाएवढे भोक पाडले. कोऱ्या पत्र्याला.

खाली उतरून विजयाच्या पाटावर बसलो. कवडसा सरकत सरकत जात्यापाशी आला. मग पीठ मळून भाकरी थापली.