समुद्राकाठी येण्याआधी वाचावे

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्याची सूज आणि भावोजींचा राग, दोन्ही एव्हाना उतरले असतील अशी आशा आहे. बाबांची तब्येत इतकी छान आहे, की सांगून तुला पटायचं नाही, म्हणून लिहितोय. (शिवाय फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस.)

रविवारी तुम्ही दोघं त्या समुद्राकाठच्या गावाला निघताय, तेव्हा बाबांच्या नि माझ्या अनुभवाचे चार शब्द. कंडक्टर ‘समुद्र आला’ असं ओरडला तरी उतरू नका. समुद्र येतो, पण गाव तिथून पुढे अर्धा तास आहे. आम्ही उतरलो आणि सामानासकट वाळू तुडवत गेलो. लॉजवर खोली मागच्या बाजूची घ्या. समोरच्या खोलीतून समुद्र दिसतो असं म्हणतात, पण खाऱ्या वाऱ्याने आमची खिडकी अशी घट्ट बसली होती, की आम्हाला तीन दिवस फक्त त्याचा आवाज आला. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, लॉजच्या मालकीणबाईंनी स्वयंपाकघराच्या दारामागे भरती-ओहोटीच्या वेळांचा कागद लावलाय, तो वाचल्याशिवाय पायात चपला घालू नका.

बाबांनी तो वाचला नाही. आई गेल्यापासून ते काहीच वाचत नव्हते म्हण ना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच एका खडकावर जाऊन बसले. मी किनाऱ्यावर डुलक्या काढत होतो (हे तुझ्यापासून लपवत नाही). डोळे उघडले तर खडकाभोवती चारी बाजूंनी पाणी! मला पोहता येत नाही हे तुला ठाऊक आहेच. मी इतक्या जोरात बोंब मारली, की मालकीणबाई हातातली परात घेऊन धावत आल्या. त्यांनी होडी दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला हाक मारली. त्याने नुकतीच रंगवलेली होडी तशीच ओली पाण्यात ढकलली आणि बाबांना घेऊन आला. बाबांची पाठ हिरवी, विजार हिरवी, एक कानसुद्धा हिरवा.

मला वाटलं, आता बाबा भडकणार. पण ते होडीकडे टक लावून बघत होते.

“हे नाव कुणी लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

“मीच,” म्हातारा म्हणाला. “का हो?”

“वेलांटी बघा. पडायला आलीय.”

“मग तुम्ही उभी करा की!”

ताई, चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या आपल्या बाबांनी आई गेल्यावर दोन वर्षांनी प्रथमच ब्रश हातात घेतला. आधी ती वेलांटी उभी केली, मग सगळं नावच नव्याने लिहिलं. मी मालकीणबाईंच्या परातीआड तोंड लपवून रडलो. त्या बाईंनी परात तेवढी धरून ठेवली. या दोघांचे उपकार मी कसे फेडू, सांग. तू भेटशील तेव्हा माझ्या वतीने पाया पड, गुडघ्याला झेपेल तेवढं.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबा अजून इथे लॉजवरच आहेत. तू सहा वेळा फोन केलास तो ‘घेऊन ये’ म्हणायलाच असणार, म्हणून मी उचलला नाही, क्षमस्व. त्यांना न्यायला म्हणून येऊ नकोस. येताना माळ्यावरच्या डब्यातले त्यांचे बारीक ब्रश तेवढे आण.

दुसरा ता. क. मीही इथेच आहे. अजून सात होड्या बाकी आहेत आणि जुना रंग खरवडायला बाबांना माणूस कमी पडतोय. भावोजींना जुने कपडे घालून यायला सांग. काय काम आहे ते सांगू नकोस.