पाटी धुतली त्या दिवशी

ता. २

चि. भाऊस,
अ. उ. आ.

यंत्राचं दार उघडताना वाफ मनगटावर आली. पट्टी बांधली आहे, म्हणून अक्षर असं वाकडंतिकडं. हसू नकोस.

तुझं पत्र पोचलं. महिलांच्या सभेत पवित्र जीवनावर मी बोलावं, हे तुला कसं सुचलं कळत नाही. मी इस्पितळाच्या तळघरात शस्त्रक्रियेच्या कात्र्या-चिमटे धुते, त्यांचे संच बांधते, जंतू मरावेत म्हणून यंत्रात वाफेला लावते. माणसांसमोर उभं राहायची सवय नाही. दुसरं कुणी पाहा.

इकडची बातमी चांगली नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका शिंप्याची जखम चिघळली. मंगळवारी पाय मांडीपासून कापावा लागला. त्याच्यासाठी वापरलेल्या संचाला वाफच दिलेली नव्हती, असं निघालं. तो संच वाफ दिलेल्या संचांच्या स्वच्छ खोलीत रेडिओनं ठेवला होता. रेडिओ म्हणजे माझ्या पाळीतली ती, जिचं तोंड जेवतानासुद्धा बंद नसतं. तिला घरी बसवलं आहे. पंधरा तारखेला चौकशी. नोकरी जाईल म्हणतात. घरात कमावती तीच एक.

तळघरात आता फक्त यंत्राचा आवाज असतो.

धाकटीचा दात पडला का ते कळव. लोभ कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
ताई


ता. ५

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

दात पडला आणि तिनं तो गिळला. दोन दिवस रडारड. आता पोटातच दात आहे म्हटल्यावर चावून खायची गरज नाही, असं तिचं म्हणणं आहे.

तुझं नाव पत्रिकेत छापून झालं. अठरा तारीख, रविवार, उपासनेनंतर. आता नाही म्हणालीस तर मंडळीतल्या बाया मला सोलून काढतील. आई गेल्यावर तू रोज सकाळी माझे कान घासायचीस. देव आधी कानामागं बघतो, अशी भीती घालायचीस. पाळक झालो तरी ती भीती गेलेली नाही. ही म्हणते, ताईंच्या घरात चमच्यालासुद्धा वाकडं पडायची हिंमत होत नाही. थट्टा सोड. पवित्र व्हायला आपल्याला बोलावलं आहे, असं मी दर रविवारी सांगतो आणि सांगताना डोळ्यांपुढं तू असतेस. त्यांनी तुलाच ऐकावं.

त्या शिंप्यासाठी प्रार्थना करतो. रेडिओबाईंसाठीही. हयगयीचं फळ भोगावंच लागतं, पण तिच्या घरच्यांचं वाईट वाटतं.

मनगटाला जप. लोभ आहेच, वरचेवर लिहून तो दाखवत जा.

तुझा,
भाऊ


ता. ८

चि. भाऊस,
अ. उ. आ.

पत्रिका नव्यानं छाप.

एकदाच सांगते. वाफ न दिलेल्या संचांच्या गाडीला आम्ही लाल पाटी अडकवतो. पाटी आहे तोवर त्यातला एकही संच वर जात नाही. वाफ देऊन झाली की मगच ती काढायची. त्या दिवशी पाटीवर एक डाग होता. तपकिरी, नखाएवढा. मला तो बघवेना. पाटी काढून धुवायला नेली. दोन मिनिटांचं काम. नळाशी असताना वरून बोलावणं आलं म्हणून गेले. परत आले तेव्हा गाडी जागेवर नव्हती आणि यंत्र चालू होतं. रेडिओनं संच यंत्रात लावले असतील असं धरून चालले. विचारलं नाही. यंत्रात दुसरेच संच होते, हे नंतर कळलं.

गाडीला पाटी नाही, म्हणजे वाफ झालेली, असं समजून तिनं ते संच स्वच्छ खोलीत नेले. प्रत्येक संचावर एक चिकटपट्टी असते, वाफ लागली की तिच्यावर काळ्या रेघा उठतात. ती तिनं पाहायला हवी होती. तेवढा तिचा दोष. पाटी कुणी काढली हे तिला माहीत नाही. माझ्याकडे कुणी बोट दाखवत नाही. मेट्रन सगळ्यांसमोर म्हणाल्या की ताईंच्या हातून असलं काही होणं शक्य नाही. मी ऐकून घेतलं.

मला रडू येत नाही. झोप लागते. जेवण जातं. त्याचा पाय कापला त्या संध्याकाळी मी घरातलं कपाट आवरलं. प्रार्थनेला बसले की शब्द बरोबर येतात, पण ते माझे वाटत नाहीत. तू पाळक आहेस म्हणून विचारते, असं होतं का माणसांना?

तुझी,
ताई


ता. ११

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. हिला काही सांगितलेलं नाही.

तू खोटं बोललेली नाहीस. कुणी विचारलं तर सांग. न विचारता पुढं होऊन स्वतःवर ओढवून घेणं, यातही एक गर्व असू शकतो. पट्टी तिनं पाहायला हवी होती, हे तूच लिहितेस. पश्चात्ताप वरून येतो, तो आपल्याला आणता येत नाही. तो आला की तू आपोआप बोलशील. तोवर थांब. निदान अठरा तारीख होऊ दे. पत्रिका वाटून झाल्या आहेत.

लिहिलेलं परत वाचलं. मंडळीतल्या कुणी हेच विचारलं असतं, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. पण तुझ्या त्या नोकरीवर मी शिकलो. ती जावी असं माझ्या हातून लिहवत नाही.

रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा,
भाऊ


ता. १४

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुपारी मिळालं. राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी रेडिओकडे गेले. तिनं दार उघडलं, बसा म्हणाली आणि पुढं काही बोलली नाही. सासू खाटेवर झोपून असते. तिला कूस बदलून दिली, मग मला चहा दिला. समोर बसून तिनं विचारलं की ताई, पाटी होती आणि मलाच दिसली नाही, असं झालं असेल का हो? इतके दिवस विचार करून तिला आता तसंच वाटू लागलं आहे. उद्या ती तसं लिहून देणार आहे. स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा विश्वास उडाला आहे.

मी चहा घेतला आणि घरी आले. तिथं सांगितलं नाही, हेही तुला कळवते.

मन भरून येईल, मग जाईन, असं मीही ठरवलं होतं. ते येत नाही. तेव्हा उद्या चौकशीला तशीच जाणार आहे. बोलावलं आहे असं तू म्हणतोस ना? बोलावलं की जायचं असतं. जाताना आत काय वाटतं आहे, हे कुणी विचारलेलं नाही.

रविवारी तू बोल. माझ्याबद्दल बोललास तरी चालेल, पण मग सगळं सांग.

लोभ ठेवशील तेवढा ठेव.

तुझी,
ताई

ता. क. (ता. १५) पाकीट बंद करायचं राहिलं होतं, म्हणून पुढचं इथंच लिहिते. आज सकाळी साडेनऊला चौकशीच्या खोलीत रेडिओच्या आधी गेले आणि सांगितलं. आजवर गप्प का राहिलात, असं चौकशीच्या साहेबांनी विचारलं. गप्प राहिले, एवढंच लिहून घ्या म्हटलं. सही केली. मला उद्यापासून येऊ नका म्हणाले. रेडिओचं काय ठरलं ते कळलं नाही. ती बाहेर बाकावर होती, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मग वरच्या मजल्यावर गेले. शिंपी जागा होता. त्याला सांगितलं. तो बरं एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी उभी राहिले. मग त्यानं पाणी मागितलं. दिलं.